हाताखाली फिरलेला थ्रॉटल: नागपूरजवळच्या एका प्रशिक्षण हेलिकॉप्टरच्या तीन घटना

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. बुटीबोरीच्या पुढे, वडगाव धरणाच्या अलीकडे एका शेतात नुकतंच सोयाबीन काढून गंजी लावली होती. सकाळी साडेसातच्या सुमारास त्या शेतात दोन आसनांचं प्रशिक्षण हेलिकॉप्टर इंजिनाच्या मदतीशिवाय उतरलं. कोणाला खरचटलंही नाही. स्किड (हेलिकॉप्टर ज्यांवर टेकतं ते खालचे दांडे) चार बोटं काळ्या मातीत रुतले, शेपटी शाबूत राहिली, आणि रोटर थांबेपर्यंत प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघंही जागेवर बसून राहिले. गंजीजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याने सगळं पाहिलं होतं. दुपारी मी तिथे पोचलो तेव्हा तो म्हणाला, "बंद नाई पडलं जी इंजिन. घोगरं झालं. सर्दी झाल्यावानी."

मी ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. त्याच्या बोलण्यात किती तथ्य होतं ते कळायला मला पुढे पाच दिवस लागले.

मी विमान देखभाल अभियंता आहे. पिस्टन इंजिनाच्या हेलिकॉप्टरसाठी डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) जो परवाना लागतो, बी-१.४, तो माझ्याकडे बरीच वर्षं आहे. ही संस्था माझी नव्हे. तिच्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी बाहेरचा माणूस म्हणून मला चौकशीत घेतलं. संस्थेचं आणि माणसांचं नाव मी देत नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्याकडे २०१२ पासून एएआयबी, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था आहे, २०१७ चे चौकशीचे नियम आहेत, आणि त्यांच्यामागचं आंतरराष्ट्रीय तत्त्व एकच आहे: चौकशी पुढचा अपघात टळावा म्हणून करायची, दोषी ठरवण्यासाठी नाही. डीजीसीएला कळवून झाल्यावर संस्थेने आपली अंतर्गत चौकशी याच पायावर उभी केली, म्हणूनच लोक मोकळेपणाने बोलले.

तीन सकाळी

शेतातली घटना तिसरी होती. आधीच्या दोन घटना एकमेकींशी जोडून कोणी पाहिल्याच नव्हत्या.

पहिली सप्टेंबरच्या मध्यात घडली. रात्रभर रिमझिम होती, सकाळी पाऊस थांबला आणि ढग उंच गेले. ऑटोरोटेशनचा सराव चालला होता. इंजिन बंद पडलं असं समजून कलेक्टिव्ह (पात्यांचा कोन बदलून हेलिकॉप्टर वर-खाली नेणारी डाव्या हाताची दांडी) खाली करायचा, थ्रॉटल (त्याच दांडीवरची फिरती मूठ, इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी) कमी करायचा, खालून वर येणाऱ्या हवेवर रोटर फिरत ठेवत उतरायचं, आणि जमिनीजवळ पुन्हा ताकद घेऊन हॉव्हरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी, थांबायचं, असा हा पाठ. दोन वेळा तो नीट झाला. तिसऱ्या वेळी ताकद मागितली तर इंजिन खोकल्यासारखं झालं आणि लो-आरपीएमचा (रोटरचे फेरे कमी झाल्याचा) हॉर्न वाजला. प्रशिक्षकांनी हेलिकॉप्टर हातात घेतलं आणि गवतावर घसरत उतरवलं. खाली आल्यावर इंजिन अर्धा मिनिट लंगडं चाललं, मग सुरळीत झालं. जमिनीवरच इंजिन चालवून पाहिलं आणि लॉगबुकात नोंद झाली: "ग्राउंड रन समाधानकारक, दोष आढळला नाही."

दुसरी घटना त्यानंतर नऊ दिवसांनी झाली. दिवसातलं पहिलंच उड्डाण, इंजिन नुकतंच सुरू केलेलं. हॉव्हरमध्ये येऊन टॅक्सी करताना हेलिकॉप्टर चार-पाच फुटांवरून आपोआप खाली बसलं. विद्यार्थ्याने थ्रॉटल घट्ट धरून गव्हर्नरला (फेरे कायम राखायला थ्रॉटल आपोआप फिरवणाऱ्या यंत्रणेला) काम करू दिलं नाही, असा निष्कर्ष निघाला. नवशिक्यांकडून ही चूक होते हे खरं आहे. भीतीने मूठ आवळली की गव्हर्नरची छोटी मोटर त्या मुठीशी झगडून हरते. त्यामुळे कोणालाच हा निष्कर्ष खटकला नाही.

तिसऱ्या उड्डाणात ऑटोरोटेशनचा सराव नव्हताच. दीड हजार फुटांवरून धरणाच्या कडेकडेने सावकाश उतरत यायचं होतं. कलेक्टिव्ह बराच खाली होता आणि मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) जेमतेम १४-१५ इंच. पाचशे फुटांवर सरळ व्हायला कलेक्टिव्ह उचलला आणि इंजिनाने साथ दिलीच नाही. रोटर ९७ टक्क्यांच्या खाली गेला तसा हॉर्न सुरू झाला. अशा हलक्या रोटरात साठलेली गती फार थोडी असते. कलेक्टिव्ह खाली करायला सेकंद-दीड सेकंदाचा उशीर झाला तरी पाती थांबू लागतात, आणि हवेत थांबलेला रोटर परत फिरवता येत नाही. प्रशिक्षकांचा हात त्या एका सेकंदात गेला. या चौकशीत मी पुढे त्यांच्या काही सवयींबद्दल लिहिणार आहे, म्हणून हे आधी लिहितो: दोघंही आज जिवंत आहेत ते त्या हातामुळे.

शेतात वीस मिनिटांनी त्यांनी इंजिन सुरू करून पाहिलं. पहिल्या फटक्यात सुरू झालं आणि घड्याळासारखं चाललं.

आम्ही काय काय उघडलं

पहिला संशय पाण्यावर गेला, आणि तसा जाणं साहजिकच होतं. पावसाळा नुकताच सरत आलेला, आणि इंधन ड्रममधून भरलेलं. पिस्टन इंजिनाला लागणारं निळसर एव्हगॅस १०० एलएल आपल्याकडे २०२२ पर्यंत बाहेरून येत होतं, आता वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनतं. पण ते कुठूनही येवो, ड्रम उभा ठेवला की त्याच्या डोक्यावर, बुचाभोवती पावसाचं पाणी साचतं. रात्री ड्रम गार झाला की आतली हवा आकसते आणि बुचाच्या चुडीतून ते पाणी थेंबाथेंबाने आत ओढलं जातं. म्हणून ड्रम आडवे किंवा तिरपे ठेवायचे असतात. इथे ते उभे होते. एका ड्रमच्या तळाशी पाणीशोधक पेस्टने रंग बदललासुद्धा.

त्या रंगाने आमचे दोन दिवस खाल्ले. कारण मिळाल्याचं समाधान वाटलं की पुढचं पाहायची इच्छा मरते, हे मी स्वतःबद्दल सांगतो आहे. पण तो ड्रम अजून वापरायला काढलेलाच नव्हता. हेलिकॉप्टरच्या टाकीच्या तळातून, गाळणीतून आणि कार्बोरेटरच्या (हवेत इंधन मिसळणाऱ्या भागाच्या) बाउलमधून वेगवेगळ्या काचेच्या बाटल्यांत इंधन काढलं, उजेडापुढे धरलं, रात्रभर ठेवलं. निळं, स्वच्छ, तळाला थेंबही नाही. पाण्यामुळे इंजिन दगावलं असतं तर वीस मिनिटांनी ते पहिल्या फटक्यात सुरू झालं नसतं, निदान बाउलमध्ये काही खूण राहिली असती.

मग आम्ही नेहमीच्या क्रमाने गेलो. चार सिलिंडर, आठ स्पार्क प्लग. खालच्या दोन प्लगमध्ये शिशाचे बारीक गोळे मिळाले, तेवढे एव्हगॅसवर मिळतातच. प्लगना ठिणगीची वीज देणारे मॅग्नेटो दोन्ही ठीक. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन ८० पैकी ७४ च्या वर. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चिकटतो का ते पाहिलं, कारण सकाळी गार इंजिन लंगडणं हे त्याचं जुनं लक्षण, पण चारही व्हॉल्व्ह मोकळे. एअर फिल्टरवर धूळ होती, पण हवा अडेल एवढी नव्हती. हवेच्या होजचं आतलं अस्तर सुटून पडद्यासारखं आडवं येतं, असं मी पूर्वी पाहिलं आहे, म्हणून होज काढून आत हात घालून चाचपलं. गुळगुळीत. थ्रॉटलची दांडी, तिचे सांधे, गव्हर्नरची मोटर, सगळं जागेवर. शेवटी कार्बोरेटर काढून बाकावर उघडला. फ्लोट मोकळा, जाळी स्वच्छ.

चौथ्या दिवशी संध्याकाळी हँगरमध्ये बसून आम्ही पुन्हा तेच वाक्य लिहायच्या बेतात होतो: दोष आढळला नाही. आमच्या धंद्यातलं सगळ्यात धोकादायक वाक्य मला हेच वाटतं. त्यात खोटं काही नसतं. पण ते लिहिलं की हेलिकॉप्टर उद्या सकाळी पुन्हा उडतं, आणि ज्याने ताकद हिरावली ते तिथेच कुठेतरी असतं.

विद्यार्थिनीचं म्हणणं

तोवर तिचा जबाब घेतलेला होता, पण अर्ध्या पानाचा. "इंजिनाची ताकद गेली. सरांनी कंट्रोल घेतले. आम्ही उतरलो." पाचव्या दिवशी सकाळी मी तिला पुन्हा बोलावलं. भंडाऱ्याची मुलगी, एकविसाची. समोर बसली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "सर, माझी पकड घट्ट असते, ते मला माहीत आहे. पण त्या दिवशी खरंच नव्हती."

दुसऱ्या घटनेनंतर सगळ्या विद्यार्थ्यांना पकडीबद्दल बोलणी बसली होती. ही शेतातली घटनाही आपल्याच मुठीवर येणार, असं ती पाच दिवस धरून बसली होती.

मी विचारलं, "पकड बाजूला ठेव. हाताला काय जाणवलं?"

तिने डावा हात पुढे केला, काहीतरी धरल्यासारखी बोटं वळवली आणि मनगट हळूहळू बाहेरच्या बाजूला फिरवलं. "असा फिरत होता. हळू. मी कलेक्टिव्ह हलवलाच नव्हता, तरी थ्रॉटल उघडत चालला होता. मला वाटलं सर फिरवताहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"सर फिरवत असतील तर मी काय बोलणार?"

प्रशिक्षक शेजारीच होते. ते म्हणाले, "माझा हात कलेक्टिव्हजवळ होता, त्यावर नव्हता. मी काहीच फिरवत नव्हतो." थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग तेच सावकाश म्हणाले, "म्हणजे गव्हर्नर."

पाच दिवस आम्ही ज्याच्या शोधात होतो ते या हाताच्या एका हालचालीत होतं. कलेक्टिव्ह स्थिर असताना गव्हर्नर थ्रॉटल उघडत जातो, याचा अर्थ तेवढीच ताकद मिळवायला इंजिनाला जास्त उघडी वाट लागते आहे. हवेची वाट कुठेतरी अरुंद होत चालली आहे. आणि जमिनीवर उतरून वीस मिनिटांनी ती वाट पुन्हा मोकळी होते, मागे कसलीही खूण न ठेवता.

बर्फ.

"नागपुरात?" सुरक्षा अधिकारी म्हणाले. २३ मे २०१३ ला सोनेगावच्या वेधशाळेत ४७.९ अंश नोंदले गेलेलं हे शहर. इथल्या माणसाला बर्फाची धास्ती वाटणार कशी? त्यांचा प्रश्न मला रास्त वाटला. पाच दिवस तो शब्द माझ्याही मनात आला नव्हता.

कूलर आणि कार्बोरेटर

ज्याच्या घरी कूलर आहे अशा कोणालाही हे समजावून सांगता येतं. मे महिन्यात कूलर खोली गार करतो, कारण वाळ्यावरचं पाणी कोरड्या हवेत उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. सप्टेंबरात तोच कूलर नुसता दमटपणा वाढवतो, कारण हवा आधीच पाण्याने भरलेली असते, तिच्यात आणखी पाणी उडत नाही.

कार्बोरेटरमध्ये उडतं ते पाणी नव्हे, पेट्रोल. बाहेरच्या हवेत पेट्रोलची वाफ नसतेच, त्यामुळे हवा कितीही दमट असो, पेट्रोल तिच्यात भराभर उडतं आणि तिला गार करतं. शिवाय अरुंद गळ्यातून जाताना आणि अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलच्या पाकळीभोवती (मूठ फिरवली की उघडमीट होणारी आतली झडप) हवेचा दाब पडतो, त्यानेही ती गार होते. दोन्ही मिळून तापमान ३० अंशांहूनही जास्त खाली जाऊ शकतं. म्हणजे ज्या दमट दिवसांत घरातला कूलर हात टेकतो, त्याच दिवसांत कार्बोरेटरमधला कूलर सगळ्यात घातक ठरतो. बाहेर २४ अंश असले तरी आत शून्याच्या खाली, आणि हवेत गोठायला भरपूर पाणी. ते थ्रॉटलच्या पाकळीवर आणि गळ्याच्या भिंतीवर बसत जातं.

आम्ही सोनेगावचे तिन्ही सकाळचे मेटार, म्हणजे विमानतळाचे हवामान अहवाल, काढले. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो आकडा) असे होते: पहिल्या दिवशी २४ आणि २३, दुसऱ्या दिवशी २३ आणि २२, तिसऱ्या दिवशी २५ आणि २२. हवेत ८० ते ९५ टक्के आर्द्रता, आणि तिसऱ्या दिवशी तर धरणाच्या पाण्याच्या कडेने उड्डाण. कार्बोरेटरमध्ये बर्फ धरण्याच्या शक्यतेचा जो तक्ता वैमानिकांना शिकवतात, त्यावर हे तिन्ही बिंदू कमी ताकदीने उतरताना गंभीर धोका असलेल्या पट्ट्यात पडतात. रॉबिन्सन कंपनीने कार्बोरेटरवाल्या हेलिकॉप्टरांसाठी काढलेली २५ क्रमांकाची सुरक्षा सूचना स्पष्ट सांगते की बाहेर ३० अंश असतानाही बर्फ धरू शकतो, आणि एरवी हवा कोरडी असली तरी जवळच्या पाणवठ्यामुळे तशी स्थिती होऊ शकते.

याच सूचनेत दुसऱ्या घटनेलाही उत्तर मिळतं. विमान उड्डाण करतं तेव्हा थ्रॉटल पूर्ण उघडा असतो, पाकळी आडवी येत नाही. हेलिकॉप्टर मात्र लागेल तेवढीच ताकद घेतं, पाकळी अर्धवट मिटलेली राहते. त्यात सकाळचं पहिलं उड्डाण असेल तर हवेची सगळी वाट गारच असते. म्हणून इंजिन गरम करतानाच कार्ब हीट (कार्बोरेटरला द्यायची गरम हवा) पूर्ण देऊन ही वाट तापवून घ्यायची असते.

आता गव्हर्नरबद्दल, कारण या प्रकरणातली खरी मेख तिथे आहे. साध्या विमानात कार्बोरेटर गोठू लागला की इंजिनाचे फेरे कमी होतात आणि वैमानिकाला ते डोळ्यांनी दिसतं. हेलिकॉप्टरचा गव्हर्नर फेरे कमी होऊ देत नाही. बर्फाने वाट जेवढी बुजवली तेवढा तो थ्रॉटल उघडतो. फेरे तेच राहतात, मॅनिफोल्ड प्रेशरही तेच. काटे पाहून सगळं आलबेल वाटतं. ही इंजिनं मुद्दाम त्यांच्या पूर्ण ताकदीपेक्षा कमी वापरली जातात, त्यामुळे गव्हर्नरकडे उघडायला भरपूर थ्रॉटल शिल्लक असतो आणि तो बराच वेळ बर्फ झाकत राहतो. थ्रॉटल पूर्ण उघडला, शिल्लक संपली, आणि नेमका तेव्हाच कलेक्टिव्ह उचलला, की सगळं एकदम कोसळतं. त्याआधीची एकमेव खूण म्हणजे मुठीखाली सरकणारा थ्रॉटल. आणि दुसऱ्या घटनेनंतर घट्ट मुठीबद्दल बोलणी खाल्ली नसती, तर या मुलीने तिसऱ्या वेळी पकड इतकी सैल ठेवलीच नसती.

लॅचखालची धूळ

यावर कार्ब हीट हाच उपाय, आणि तो हेलिकॉप्टरात होता. एक्झॉस्टभोवतीची गरम हवा कार्बोरेटरला देणारी ही सोय. या जातीच्या हेलिकॉप्टरात ती कलेक्टिव्हला घर्षणाने जोडलेली असते, म्हणजे कलेक्टिव्ह खाली केला की गरम हवा आपोआप वाढते. पण गरज नसेल तेव्हा ती बंद ठेवायला कार्ब हीटच्या नॉबपाशी एक छोटा लॅच दिलेला असतो. लॅच लावला की आपोआप काहीच होत नाही.

त्या दिवशी दुपारी मी एकटा कॉकपिटमध्ये जाऊन बसलो आणि टॉर्च लावून नॉब पाहिला. लॅच लागलेला होता. त्याच्या पत्र्याच्या कडेला, नॉबच्या खोबणीत, लालसर मातीची बारीक रेघ बसली होती, नखाने खरवडावी लागली. ती आमच्या उन्हाळ्यातली, वाऱ्यावर उडणारी माती. पावसाळ्यात अशी धूळ बसत नाही. मेपासून तो लॅच कोणी हलवलेला नव्हता.

मे महिन्यात तो लावला होता ते चूक नव्हतं. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटरवर आहे. ४४ अंशांच्या दुपारी हवा इतकी विरळ होते की इंजिनाला आणि रोटरला ती सुमारे पाच हजार फुटांवरची वाटते. अशा हवेत दोन माणसं आणि इंधन घेऊन हॉव्हर करताना ताकदीचा प्रत्येक कण लागतो, आणि कार्बोरेटरला गरम हवा दिली की ताकद आणखी घटते. हवा कोरडी, बर्फाचा प्रश्न नाही. म्हणून संस्थेने आपल्या लॅमिनेट केलेल्या चेकलिस्टमध्ये उड्डाणाआधीची ओळ लिहिली: "कार्ब हीट बंद, लॅच." ती ओळ त्या ऋतूसाठी बरोबर होती. जूनमध्ये पाऊस आला, चेकलिस्ट तीच राहिली. कॉकपिटमध्ये उत्पादकाची सूचनापट्टी होतीच: मॅनिफोल्ड प्रेशर १८ इंचांखाली असेल तर कार्बोरेटरच्या तापमानाचा काटा पाहू नका, कार्ब हीट पूर्ण द्या. कारण थ्रॉटल बराच मिटलेला असताना तो काटा पाकळीजवळची खरी थंडी दाखवत नाही. पण लॅमिनेट केलेला कागद हातात असतो, पट्टी डॅशबोर्डवर.

प्रशिक्षक फौजेतून आलेले. त्यांची बहुतेक हवाई कारकीर्द चेतक आणि चीता या फौजी हेलिकॉप्टरांवर गेली. त्यांत टर्बाइन इंजिन असतं, कार्बोरेटर नसतोच. सियाचीनच्या बाजूला उडालेला माणूस, बर्फ त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत. पण तो बाहेरचा बर्फ. पिस्टन हेलिकॉप्टरवर आल्यावर त्यांनी परीक्षा दिली होती, कार्ब आइसिंगचा धडाही वाचला होता. तो धडा नागपूरच्या हवेशी जोडून कोणी दिला नव्हता. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि अहवालात लिहा असंही म्हणाले.

पाहून घेणं

एवढ्यावर कारण ठरवून टाकावंसं मला वाटेना. आधी दोन दिवस पाण्यावर घालवले होते. म्हणून जमिनीवर प्रयोग करायचा ठरलं: पहाटे, लॅच लावून, इंजिन मंद फेऱ्यांवर ठेवायचं. पहिल्या सकाळी आकाश मोकळं होतं, तापमान २३ आणि दवबिंदू १६, आणि पंधरा मिनिटांत काही झालं नाही. तीन दिवसांनी पुन्हा ढग आले, २३ आणि २२. अकराव्या मिनिटाला इंजिनाचा आवाज बदलला. घोगरा झाला, अगदी शेतकऱ्याने सांगितला होता तसा. प्रशिक्षकांनी लॅच सोडून कार्ब हीट ओढला. इंजिन आधी आणखी बिघडलं, खोकलं, हादरलं, आणि काही सेकंदांनी एकदम मोकळं झालं. वितळलेलं पाणी इंजिनातून जाताना असंच होतं. नेमक्या याच क्षणी घाबरून कार्ब हीट परत बंद करणारे वैमानिक असतात.

आम्ही तोच प्रयोग लगेच पुन्हा केला, पण या वेळी कार्ब हीट न देता आवाज बिघडल्यावर इंजिन बंद केलं. मी काउलिंगचं झाकण काढून कार्बोरेटरच्या अंगाला बोट लावलं. दोन हातांवर सिलिंडर भाजत होते आणि कार्बोरेटर पाझरत्या माठासारखा गार. अंगभर दव जमलेलं. होज सुटेपर्यंत दोन मिनिटं गेली. टॉर्च आत मारला तेव्हा थ्रॉटलच्या पाकळीच्या एका कडेला नखाएवढा पांढुरका पापुद्रा होता. मी पाहत असतानाच तो पाणी होऊन खाली ओघळला. फोटो काढायला मोबाईल वळवेपर्यंत संपला.

अहवालात पहिल्या आणि तिसऱ्या घटनेचं संभाव्य कारण म्हणून आम्ही कार्बोरेटरमधला बर्फ लिहिला, आणि त्याला वाव देणारी गोष्ट म्हणून ऋतू बदलल्यावर न बदललेली चेकलिस्ट. दुसऱ्या घटनेत बर्फाबरोबर शिशाचे गोळे मिळालेले दोन प्लग आणि आवळलेली मूठ यांपैकी किती वाटा कशाचा, हे ठरवता आलं नाही, आणि तसंच लिहिलं. त्या विद्यार्थ्याच्या नोंदीतला शेरा मात्र काढून टाकायला लावला.

चेकलिस्टमधली ती ओळ गेली. आता तिथे आहे: "दवबिंदू पाहा. लॅच सुटा. गरम करताना कार्ब हीट पूर्ण." ऑटोरोटेशनच्या सरावात कलेक्टिव्ह खाली करण्याआधी कार्ब हीट पूर्ण द्यायची, हे मोठ्याने म्हणायचं. सकाळच्या ब्रीफिंगला फळ्यावर तापमान आणि दवबिंदू शेजारीशेजारी लिहायचे, आणि उन्हाळ्यात लॅच लावायचा असेल तर त्या दिवसापुरता, प्रशिक्षकाच्या सहीने. ड्रमांसाठी पत्र्याचं छप्पर झालं आणि ते आडवे झाले, कारण तेही चुकीचंच होतं, भले या वेळी त्याने काही केलं नसो.

विद्यार्थ्यांना पकडीबद्दल सांगायची पद्धतही बदलली. आधी सांगायचे, मूठ आवळू नकोस, गव्हर्नरला काम करू दे. आता पुढे आणखी एक वाक्य असतं: तो काय काम करतो आहे ते हाताला कळू दे, आणि कलेक्टिव्ह न हलवता थ्रॉटल फिरू लागला तर बोल, कोण फिरवतंय याची काळजी न करता.

ऑक्टोबरच्या अखेरीस ती पुन्हा त्याच प्रशिक्षकांबरोबर उडाली. उतरल्यावर त्यांनी मला फोन केला. धरणाच्या बाजूने येताना तिने न विचारता कार्ब हीट पूर्ण ओढला आणि म्हणाली होती, "सर, अठराच्या खाली आहोत."

अहवालाच्या पहिल्या मसुद्यात तिचा जबाब सगळ्यात शेवटी, सातव्या परिशिष्टात गेला होता, प्लगच्या फोटोंच्या आणि कॉम्प्रेशनच्या आकड्यांच्या मागे. अंतिम प्रतीत तो पहिला आहे. त्याच्या खाली शेतकऱ्याची दोन वाक्यं आहेत, त्याच्याच शब्दांत.